डोळस नळ

आमच्या सोसायटीत हल्ली घरोघरी फरशा उखडायचं वेड आलंय. जुनी बाथरूम फोडायची, छतापर्यंत टाइल्स चढवायच्या आणि शेवटी नळापाशी येऊन अडायचं. अडले की मला हाक मारतात, कारण मी सगळी नोकरी यंत्रांत काढलेला माणूस. परवा तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांनी ठाण्याच्या एका दुकानातून रंगीत कागद आणला आणि माझ्यापुढे धरला. कागदावर एक चकचकीत नळ, त्याखाली दोन गोरेपान हात आणि त्यांच्यावर पडणारं पाणी. नळाला हात लावायचाच नाही, नुसता खाली धरायचा.

"काय म्हणता? घरात बसवण्यासारखी वस्तू आहे का?"

"दवाखान्यात हवी. हॉटेलात चालेल. घरात नको," मी म्हटलं.

"अहो, तुमच्यासारख्या इंजिनीअर माणसाने नको म्हणायचं?"

मी पाण्याचं प्रेशर, विजेचं जाणं-येणं अशी काहीतरी कारणं सांगितली. ती खोटी नव्हती. पण खरं कारण मी त्यांना सांगितलं नाही, कारण ते सांगायला गेलो की माझे कान अजून तापतात. इथे लिहितो. कागदाला माझे कान दिसत नाहीत.

असा नळ माझ्या घरात होता. हा रंगीत कागद छापला जायच्या कितीतरी वर्षं आधी, ऐंशीच्या दशकाच्या शेवटाला, डोंबिवलीत, मानपाडा रोडच्या आतल्या बाजूला, दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या छोट्या बाथरूममध्ये. आणि तो मी स्वतः बनवलेला.

सुरुवात काविळीपासून झाली. दीड महिना मी घरी पडून होतो. उसाचा रस, भाजलेले चणे आणि बघायला येणाऱ्यांचे सल्ले यांवर जगलो. उठलो तेव्हा डॉक्टर म्हणाले, "पाणी उकळून प्या आणि हात धुवत जा." बस्स, एवढंच. दुसरा कोणी असता तर त्याने हात धुतले असते. मी त्यातून धर्म काढला. कडी कोपराने उघडायची, दिव्याचं बटण चमच्याच्या दांडीने दाबायचं, दार पायाने ढकलायचं. पायाचा नियम फार दिवस टिकला नाही. सासरे मुक्कामाला आलेले, बाथरूमची कडी सैल, मी नेहमीच्या जोशात लाथ घातली. आत सासरे पाटावर बसून, डोळे मिटून, तोंडाला साबण लावत होते. "कोण आहे? कोण आहे?" एवढंच ते म्हणत राहिले. मी दार ओढून घेतलं, ते मात्र हाताने ओढावं लागलं, आणि पिशवी घेऊन भाजी आणायला निघून गेलो. कोणी लाथ घातली याचा तपास संध्याकाळपर्यंत चालू होता. मी त्या तपासात हिरिरीने भाग घेतला.

आई म्हणाली, "माझ्या सासूबाईंचं सोवळं बरं होतं रे. ते दुपारी जेवणं झाली की सुटायचं तरी."

मी हसण्यावारी नेलं. आजीचं सोवळं वेगळं आणि माझं शास्त्र वेगळं, अशी माझी पक्की समजूत होती.

मी तेव्हा वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कारखान्यात होतो. आम्ही मोजणी करणारी यंत्रं बनवायचो. पट्ट्यावरून बाटल्या जातात, एका डबीतून उजेड पडतो, बाटली मध्ये आली की डबीतल्या डोळ्याला ते कळतं आणि आकडा एकाने वाढतो. त्या डोळ्यावर माझं फार प्रेम होतं. काविळीनंतर एकदा मी औषधांच्या एका कारखान्यात यंत्र दुरुस्त करायला गेलेलो. तिथे आत जाण्याआधी हात धुवावे लागत, आणि नळ पायाने दाबायचा होता. मी तो नळ सात-आठ वेळा दाबून पाहिला. तिथला माणूस म्हणाला, "साहेब, झाले तुमचे हात." पण माझं डोकं घरी पोचलं होतं. पाय तरी कशाला? माझ्याकडे डोळा आहे की!

मालकांना विचारून मी बाद झालेल्या मालातला एक डोळा आणि एक विजेवर उघडणारी झडप घरी आणली. साबणाच्या प्लास्टिकच्या डबीत छोटा दिवा आणि डोळा शेजारी शेजारी बसवले. दिव्याचा उजेड समोर पडणार, हात आला की हातावरून परत फिरणार, डोळ्याला तो दिसणार, झडप उघडणार, पाणी पडणार. किती उजेड परत आला म्हणजे हात समजायचा, हे ठरवायला एक बारीक स्क्रू होता. तो स्क्रू लक्षात ठेवा. पुढचं सगळं त्याच स्क्रूने केलं.

पहिला दिवस मोठ्या थाटाचा गेला. बायकोने हात धरला, पाणी. मी धरला, पाणी. आईने दोन वेळा धरून पाहिला आणि म्हणाली, "बंद कसा करायचा?"

"आपोआप होतो."

"मग आपण काय करायचं?"

"काही नाही! तीच तर गंमत आहे."

तिला त्यात गंमत वाटली नाही. मला वाटली, आणि मी कामावर गेलो. दहाच्या सुमाराला आईने धुतलेली फिकट साडी बाथरूमच्या दांडीवर वाळत टाकली. वाऱ्याने तिचा पदर नळापुढे आला. डोळ्याला वाटलं, हात आला. आई देवळात गेलेली, बायको शाळेत शिकवायला. पदर हलत होता आणि नळ अखंड वाहत होता. बिल्डिंगला पाणी सकाळी तासभर यायचं, ते गच्चीवरच्या टाकीत साठवून सगळ्यांनी दिवसभर वापरायचं. सोळा बिऱ्हाडांची टाकी आईच्या पदराने रिकामी केली.

संध्याकाळी सोसायटीचे सेक्रेटरी दारात उभे. "तुमचा नळ डोळस आहे म्हणतात. मग त्याला टाकी रिकामी झालेली नाही दिसली?"

पुन्हा असं झालं तर नळच काढून नेण्याची धमकी देऊन ते गेले. मी त्याच संध्याकाळी स्क्रूड्रायव्हर घेऊन बसलो. स्क्रू फिरवत फिरवत डोळा इतका मंद केला की साडीला भुलणार नाही, टाइल्सना भुलणार नाही, पण माझ्या हाताला मात्र पाणी देईल. तपासायला माझा हात, बायकोचा हात आणि आईचा हात. तीन हात झाले की शास्त्र झालं, असं मला वाटलं. आता आमच्या घराण्याला गोऱ्या रंगाचा उगाच अभिमान आहे. लग्न जमवताना, बारशाला, फोटो काढताना तो बाहेर येतो. त्या संध्याकाळी तो माझ्या स्क्रूड्रायव्हरच्या टोकावर बसला होता, हे मला ठाऊक नव्हतं.

स्वच्छतेचं म्हणाल तर, खरं सांगू? नळाला हात लावायचा नाही, हे झालं. पण साबणाची वडी हातातच घ्यायची. टॉवेल सगळ्यांचा एकच. हात धुऊन झाल्यावर कडी उघडायची ती त्याच हाताने, ज्या कडीला न धुतलेला हात लावून आत आलो. बायकोने हे पहिल्याच आठवड्यात दाखवून दिलं. मी तिला म्हटलं, "कडीचंही बघतो." ती म्हणाली, "नको. कडी आपली आपण लावू."

आता मावशीबद्दल सांगतो.

मावशी म्हणजे आमच्याकडे मासळी घेऊन येणारी कोळीण. पश्चिमेला खाडीकाठच्या गावात राहायची. आईपेक्षा थोडी लहान, सावळी म्हणायचं तेही कौतुकाने. चांगली काळी, उन्हात आणि खाऱ्या पाण्यात रापलेली. दर शुक्रवारी यायची. आमच्या कारखान्याची सुट्टीही शुक्रवारी, म्हणून मी घरी असायचो. खालूनच तिची हाक ऐकू यायची, "ओ वैनी!" आणि आईच्या चेहऱ्यावर उजेड पडायचा. वडील गेल्यापासून आई फारशी कुणाशी बोलत नसे. शेजारणींच्या भिशीला नाही, हळदीकुंकवाला तर तिला कुणी बोलावतच नसे. आठवडाभरात ती जेवढं बोलायची, त्याच्या निम्मं त्या शुक्रवारच्या दीड तासात. मावशी बोईट किंवा कोळंबी काढून द्यायची, आमच्याच मोरीत बसून साफ करून द्यायची, मग बाथरूममधल्या बेसिनवर साबणाने खसाखसा हात धुवायची, आमच्याच टॉवेलला पुसायची आणि स्वयंपाकघरात आईसमोर बसून चहा प्यायची. काय बोलायच्या देव जाणे. हसण्याचा आवाज मात्र बाहेरच्या खोलीत यायचा. आईला हसताना ऐकायचं असेल तर शुक्रवार गाठावा लागे.

नळ बसवल्यानंतरचा हा पहिला शुक्रवार. मासळी साफ झाली. मावशी बाथरूममध्ये गेली. मी नवीन पाहुण्याला यंत्र दाखवायच्या हौसेने दारातच उभा.

"ह्यो नल बंद हाय का रं?"

"बंद नाही मावशी. हात धरा नुसता."

"धरलाय की."

पाणी नाही.

"जरा पुढे."

"ह्ये बघ, पुढं."

पाणी नाही. मी तिच्या शेजारून माझा हात घातला. धो धो पाणी. काढला, बंद. तिने घातला, काही नाही. मी पुन्हा घातला, पाणी. आवाज ऐकून बायको आली, तिने हात धरला, पाणी. मावशी आपले दोन्ही हात ओंजळीसारखे धरून वाकून उभी. हातांना खवले चिकटलेले. ती नळाकडे बघत होती आणि नळ तिच्याकडे बघत नव्हता.

आणि मग माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. यंत्र का चालत नाही हे कळल्याचा जो आनंद असतो, तो मला आवरता येत नाही. मी ओरडलोच, "अरे हो! रंग! मावशी, तुमचा हात काळा आहे ना, तो उजेड परत टाकत नाही. त्याला दिसतच नाही तुमचा हात! असं करा, आधी साबण लावा. फेस पांढरा असतो. तो दिसेल त्याला."

बायको एकदम स्वयंपाकघरात निघून गेली. तेव्हा मला वाटलं, दूध उतू जातंय.

मावशी हसली. "म्हंजे गोरी झाली का पानी देनार ह्यो?"

"हो! अगदी बरोबर!" मी म्हटलं. तिला तत्त्व समजलं याचा मला आनंद झाला.

तिने बादलीतलं थोडं पाणी घेऊन साबण लावला. हात फेसाने पांढरे झाले. नळाखाली धरले आणि नळ सुरू झाला. मी टाळी वाजवली. पण पाण्याने फेस निघून जायला लागला, आतून तिचा हात दिसायला लागला आणि अर्ध्यातच नळ बंद पडला. कोपरापाशी साबण तसाच. तिने पुन्हा साबण लावला. पुन्हा नळ सुरू, पुन्हा बंद. तिसऱ्यांदा तिने नळाखाली हात धरलेच नाहीत, तशीच उभी राहिली. मी म्हणत होतो, "थोडा जास्त फेस करा, थोडा जास्त."

मागून आई आली. मला बाजूला केलं, बादलीतला मग घेतला आणि मावशीच्या हातांवर पाणी घातलं.  त्या दिवशी चहा झाला, पण हसण्याचा आवाज बाहेर आला नाही.

इथे थांबलो असतो तरी निभावलं असतं. मूर्ख यंत्र आणि मूर्ख इंजिनीअर, एवढ्यावर सुटलो असतो. पण मी प्रश्न सोडवणारा माणूस. स्क्रू परत फिरवावा तर आईची साडी, सेक्रेटरी आणि सोळा बिऱ्हाडं. नळ काढावा तर माझं नाक. म्हणून मी बाजारातून नवीकोरी लाल बादली आणि त्याच रंगाचा मग आणला. पुढच्या शुक्रवारी बादली भरून बाथरूमच्या दाराबाहेर ठेवली, शेजारी साबणाची नवी वडी आणि एक धुतलेला नॅपकीन. माझ्या मते हा पाहुणचार होता.

मावशी आली, मासळी साफ झाली, ती उठली. मी पुढे होऊन म्हटलं, "मावशी, तुमच्यासाठी वेगळी सोय केलीय बघा."

ती बादलीकडे बघत राहिली. मग मगाकडे. मग नॅपकीनकडे. बराच वेळ. मी अजून हसतच होतो. तिने हात लुगड्याच्या पदराला पुसले, पाटी उचलली.

"आज घाई हाय वैनी."

"अगं चहा टाकलाय," आई म्हणाली.

"फुरल्या खेपेला."

पुढच्या शुक्रवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. आई सकाळपासून गॅलरीत उभी राहायची, रस्त्यावर "ओ" अशी कुठलीही हाक आली की वाकून बघायची. तिसऱ्या शुक्रवारी मी म्हटलं, "खाडीत मासळीच नसेल. बाजारातून आणतो मी पापलेट."

आई आत वळली. म्हणाली, "बस इथे."

मी बसलो. ती उभीच राहिली.

"कल्याणला तुझ्या आजीच्या घरी मी लग्न होऊन आले, तेव्हा हिची आई मासळी घेऊन यायची. ही परकर नेसून बरोबर असायची. मासळी साफ झाली की त्या दोघींनी ओट्याखाली उभं राहायचं आणि सासूबाई ओट्यावरून तांब्याने त्यांच्या हातावर पाणी सोडायच्या. तांब्या त्यांना लागू द्यायचा नाही. वीतभर वरून. मला सांगितलं की मीही घालायचे. वीतभर वरून."

आईने गॅलरीकडे एकदा पाहिलं.

"आपण इथे राहायला आलो, ही मला शोधत आली. मी हिला हाताला धरून बाथरूममध्ये नेलं. म्हटलं, इथे धू. तर ही उभीच. म्हणाली, वैनी, तुमी सोडा पानी. मी म्हटलं, नाही, तूच सोड. नळाला हात लावायला तिला महिना लागला. दर खेपेला म्हणायची, पुढच्या वेळी लावते." आई थांबली. "आणि तू काय केलंस? नळाला कुणी हात लावायचाच नाही असं केलंस. वर बादली ठेवलीस."

"आई, मला हे माहीत नव्हतं."

"माहीत नव्हतं म्हणून तर तुझ्या हातून इतकं सहज झालं."

मी आजीच्या सोवळ्याला हसलेलो. त्या घरातून मी नेमकं तेवढंच उचलून, त्याला वायर जोडून, परत भिंतीवर बसवलं होतं. उजेडाचा नियम मला पाठ होता. तो कोणाच्या हातावरून परत येतो आणि कोणाच्या हातावरून येत नाही, हे बघायला मी त्या डबीबाहेर मान काढली नव्हती.

मी त्याच दिवशी नळ काढला. जुना पितळी नळ पोटमाळ्यावर होता, तो बसवला. बादली शेजारच्यांना देऊन टाकली. मग आईला म्हटलं, "काढला बघ."

"मला काय सांगतोस? तिला सांग."

"तू येतेस बरोबर?"

"मी कशाला येऊ?"

रविवारी मी पश्चिमेला गेलो. स्टेशनपासून रिक्षा केली, पण खाडीच्या अलीकडेच उतरलो. थोडं चालावं, काय बोलायचं ते ठरवावं. ठरलं ते असं: "मावशी, त्या डोळ्याची संवेदनशीलता कमी केल्यामुळे गैरसमज झाला." हे वाक्य मी वाटेत चार वेळा घोकलं. चौथ्यांदा ते मलाच ऐकवेना. तरी दुसरं सुचलं नाही.

घर सापडायला वेळ लागला नाही. मावशी अंगणात बसून सुकट निवडत होती. तिचा नवरा जाळ्याची भोकं सांधत होता, त्याने मला खुर्ची दिली आणि पुन्हा जाळ्यात मान घातली. पलीकडे खाडी दिसत होती, काठाला तांबूस तवंग.

"आईनं धाडला तुना?" मावशीने विचारलं.

मी "नाही" म्हणणार होतो. "हो" म्हणालो.

"बरी हाय ना ती?"

"बरी आहे. वाट बघते."

ती निवडत राहिली. मग मी सुरू झालो. दिवा, उजेड, साडी, टाकी, सेक्रेटरी, स्क्रू. स्क्रू कुठल्या बाजूला फिरवला तेसुद्धा हाताने करून दाखवलं. बोलत असताना मला कळत होतं की मी माफी मागत नाहीये, यंत्राची बाजू मांडतोय. पण थांबता येईना. थांबलो असतो तर ते दुसरं बोलावं लागलं असतं.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "नल आंधला. ह्ये मना कललं. त्या नलावर माजा राग नाय. पन बादली नलानं ठेवली का?"

तिच्या नवऱ्याचा हात जाळ्यात थांबला. मी नाही म्हणून मान हलवली.

"मंग कोनी ठेवली?"

"मी."

"हां."

एवढंच. मला वाटलं होतं ती शिव्या देईल. कोळणीच्या तोंडाला लागू नये म्हणतात, म्हणून मी थोडी तयारीही केली होती. शिव्या दिल्या असत्या तर मी त्या घेऊन हलका होऊन घरी आलो असतो. तिने तीही सोय ठेवली नाही.

"चुकलं माझं, मावशी," मी शेवटी म्हटलं. चार वेळा घोकलेल्या वाक्यात हे नव्हतं.

ती सुपातली सुकट पाखडायला लागली. "आमची मासली आता तुमच्याकरं जास्त दिस येनार नाय तशीबी," ती खाडीकडे हनुवटी करून म्हणाली. "जाल्यात मासली कमी आन् रंग जास्त येतंय. तुमच्या कारखान्यांचा. त्या रंगानं आमचे हात अजून काले व्हतात." ती हसली नाही. मग म्हणाली, "वैनीला सांग, शुक्रवारी येतंय. पन वर नाय येनार. खालून हाक मारीन."

"नळ काढला मी, मावशी. जुना बसवला. तुम्ही वर या. आईचे गुडघे दुखतात, दोन मजले उतरायचे म्हणजे..."

"तिचे गुडघे मना म्हाईत हायेत," मावशी म्हणाली. "तुज्यापेक्षा जास्त."

 उठताना तिच्या नवऱ्याने मला कागदात बांधून थोडी सुकट दिली. मी नको म्हणणार होतो. मग लक्षात आलं की नको म्हटलं तर तेही वेगळंच होईल. घेतली.

घरी येऊन आईला निरोप सांगितला. मला वाटलं होतं, ती वैतागेल. ती म्हणाली, "येते म्हणाली ना? मग झालं." आणि कपाटातून गुडघ्याला बांधायची पट्टी काढून ठेवली.

त्या शुक्रवारी हाक आली. आई कठड्याला धरून एकेक पायरी उतरायला लागली. दोन्ही पाय एका पायरीवर आले की मग पुढची. मी मागून गेलो, तिचा दंड धरायला. "सोड," ती म्हणाली, "येते मी." खाली जमिनीतल्या टाकीवर सिमेंटचं मोठं झाकण आहे, त्यावर दोघी बसल्या. मासळी तिथेच साफ झाली. पंपाच्या खोलीबाहेर सोसायटीचा नळ आहे, तो मावशीने उघडला, हात धुतले आणि बंद केला. सोसायटीचे सेक्रेटरी एकदा कुरकुरले, घाण होते म्हणून. आईने त्यांच्याकडे अशी काही नजर टाकली की ते पंपच तपासायला आत गेले. थोड्या वेळाने हसण्याचा आवाज आला. दोन मजले वर, मी उभा होतो त्या गॅलरीत.

मग हे दर शुक्रवारचं झालं. आई असेपर्यंत, म्हणजे पुढची सात-आठ वर्षं. पावसाळ्यात दोघी जिन्याखाली सायकलींच्या मध्ये बसायच्या. शेवटी शेवटी आईला चढताना चार वेळा थांबावं लागे. प्रत्येक वेळी ती थांबली की मी गॅलरीतून आत यायचो, तिला मी दिसू नये म्हणून.

चहा नेण्याचं काम मी स्वतःकडे घेतलं. बायको म्हणायची, "मी नेते." मी म्हणायचो, "नको, मी." दोन कप घेऊन उतरायचो. आई तिचा कप माझ्या हातातून घ्यायची. मी दुसरा मावशीपुढे धरायचो.

"थितं ठेव," ती म्हणायची. टाकीच्या झाकणाकडे मानेने दाखवायची.

मी ठेवायचो. मी दोन पावलं मागे झालो की ती कप उचलायची. तिचे हात तेव्हा ओले असायचे. बहुतेक त्यामुळेच असेल. मी कधी विचारलं नाही.